दुसरा मोर

बेल वाजली तेव्हा छायाने आधी हात पुसले, मग आतल्या बेडरूमला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मग बाहेरचं दार उघडलं. दारात सुदेश होता. त्याच्या खांद्यावर सहा फुटी लाकडी चौकट होती आणि तिच्यावर ताणून बसवलेलं पांढरं कापड.

आपण आत्ता काही केलं असं छायाला वाटलंसुद्धा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत, वेंगुर्ल्याच्या घरी, सासूबाईंनी तिला एकाच दिवशी दोन गोष्टी शिकवल्या होत्या: उकडीचे मोदक, आणि धाकट्या घरचं माणूस आलं की आतल्या खोलीला कडी. मोदक सव्वीस वर्षांनंतरही मधूनमधून फुटायचे. कडी मात्र कधी चुकली नाही. दुबईत कुसैसच्या नवव्या मजल्यावरच्या दारांना कड्या नव्हत्या म्हणून कुलूप आलं, एवढाच काय तो बदल.

"वहिनी, स्क्रीन कुठे लावू?"

"टीव्हीच्या जागी. सिद्धांतने टीव्ही काढून ठेवलाय बघ. चहा टाकते."

"चहा मागाहून. आधी काम खलास करतो."

सुदेशने बूट काढले, पण आत येताना पायपुसण्यावर पाय दोनदा पुसले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात तो सुतारांचा फोरमन होता. प्रदर्शनांचे स्टॉल, लग्नाचे मंडप, जाहिरातीतले खोटे राजवाडे, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. इंटरनॅशनल सिटीत सहा जणांच्या खोलीत राहायचा आणि महिन्यातून एकदा, बहुधा शुक्रवारी, छायाच्या सासऱ्यांना, त्याच्या लांबच्या काकांना, भेटायला यायचा. आला की चपलांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसायचा. ते स्टूल त्याला कुणी दाखवलं नव्हतं. त्याच्या वडिलांनाही गावच्या घरी ओटीवरची अशीच एक जागा ठरलेली होती, आणि आजोबांनाही.

या रीतीला एकशे तेरा वर्षं झाली होती. १९१२ साली थोरला भाऊ भिकाजी बोटीवर खलाशी म्हणून निघून गेला. चार महिन्यांनी, दिवाळीत, त्याची बायको कृष्णाबाई हिने दागिन्यांची पेटी उघडली तर पेटी रिकामी. घरात पुरुषमाणूस एकच, धाकटा दीर विश्राम, म्हणजे सुदेशचे पणजोबा, तेव्हा वय वर्षं एकोणीस. गावातल्या चार जाणत्यांनी त्याला गणपतीपुढे उभं केलं आणि सांगितलं, देवावर हात ठेव आणि म्हण, मला यातलं काही ठाऊक नाही. विश्रामने हात ठेवला नाही. खाली मान घालून तो उभा राहिला. झालं, त्याच संध्याकाळी त्याला घराबाहेर काढलं, आणि धाकटं घर आंब्यापलीकडच्या तुकड्यात गेलं ते आजतागायत तिथेच आहे. गावात त्यांना आडनावाने कुणी ओळखत नाही. वाकीवाले म्हणतात.

कारण गेलेल्या दागिन्यांत नाव घेण्यासारखी होती ती वाकी. दंडात घालायची, सोन्याची, वर मोर. वेंगुर्ल्याच्या सोनाराने जोडी घडवली होती, एका वाकीवरचा मोर उजवीकडे बघणारा, दुसरीवरचा डावीकडे, म्हणजे दोन्ही दंडांत घातल्या की मोर समोरासमोर येत. उजवीकडे बघणारी तेव्हा फिरकी दुरुस्त करायला सोनाराकडे होती म्हणून वाचली. थोरल्या सुनेकडून थोरल्या सुनेकडे येत येत ती आता छायाकडे आली होती, आणि आज छायाने ती घातली होती. दिवसच तसा होता. राजाभाऊंना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, एक्याऐंशीवं लागलं होतं. सकाळी सहस्रचंद्रदर्शनाची पूजा झाली होती, आणि आता घरच्या घरी, मोजक्या माणसांत, भिकाजींचा सिनेमा बघायचा होता.

*

सिनेमा घरात नव्व्याण्णव वर्षं होता, फक्त तो सिनेमा आहे हे कुणी ध्यानात घेतलं नव्हतं.

भिकाजी १९२६ साली अमेरिकेहून परत आले ते एक ट्रंक आणि एक पत्र्याचा गोल डबा घेऊन. डबा बायकोच्या हाती देऊन ते म्हणाले, याला आगीपासून जप. कृष्णाबाईंनी विचार केला की घरात सगळ्यात जपलेली जागा देवघर. तेव्हापासून डबा देवघरात. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि वर कापराची आरती. चौऱ्याण्णव साली राजाभाऊ मुलाकडे दुबईला कायमचे आले तेव्हा डबा त्यांच्या मांडीवर बसून विमानाने आला.

तीन महिन्यांपूर्वी सिद्धांतने, राजाभाऊंच्या चोवीस वर्षांच्या नातवाने, रास अल खोरच्या एका गोदामात जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या हमीदला घरी बोलावलं. जाहिरातींच्या एडिटिंगमध्ये काम करत असल्यामुळे हमीदशी त्याची ओळख होती. हमीदने देवघराकडे पाहिलं, डब्यापुढे तेवणारं निरांजन पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सब लोग बालकनी में चलो. अभी. बत्ती को फूँकना मत, मैं उठाऊँगा." त्या काळची फिल्म पेटली की पाण्यातसुद्धा विझत नाही, हे त्याने बाल्कनीत सगळ्यांना समजावलं. छाया त्या दिवशी जेवली नाही. नव्व्याण्णव वर्षं आपल्या घराने बॉम्बला आरती केली हे तिच्या गळी उतरायला वेळ लागला.

डब्यात दोन रिळं होती. एकाची पूड झालेली. दुसरं हमीदने दोन महिने खपून वाचवलं, तेही अकरा मिनिटांचं. आज सकाळी पेन ड्राइव्ह हातात आला तेव्हा सिद्धांतचं बोट शिवशिवत होतं, पण आजोबांनी बजावलं होतं, "पहिला मी बघणार. माझे आजोबा आहेत." त्याने फक्त पहिलं अर्धं मिनिट चालवून खात्री केली आणि बंद केलं.

"सुदेशकाका, तुम्हीही बसा ना पिक्चरला," सिद्धांत म्हणाला.

सुदेशने कापडाची एक सुरकुती अंगठ्याने ओढून सरळ केली. "इथूनच दिसतं," तो म्हणाला आणि स्टुलावर जाऊन बसला.

*

आधी भाषण झालं. ते खरं तर उद्याचं होतं. उद्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये तीनशे माणसांपुढे हाच सिनेमा दाखवायचा होता, राजाभाऊंचा सत्कार व्हायचा होता, आणि हे सगळं त्यांचा मुलगा, छायाचा नवरा धनंजय याने जमवून आणलं होतं. बापाचं भाषण त्याने टाइप करून, मोठ्या अक्षरांत छापून आणलं होतं.

राजाभाऊंनी कागद लांब धरला. "माझे आजोबा कैलासवासी भिकाजी हे हॉलिवूडमधल्या पहिल्या काही निर्मात्यांपैकी एक. एकोणीसशे बारा साली खिशात काही नसताना ते बोटीतून उतरले. स्टुडिओबाहेर सुतारकाम करू लागले. तिथे पूर्वेकडच्या राजाराण्यांचे सिनेमे निघत, पण सामान सगळं खोटं. आजोबांनी आपल्या पेटीतल्या अस्सल हिंदुस्थानी वस्तू स्टुडिओंना भाड्याने द्यायला सुरुवात केली. वस्तू सेटवर जाई तेव्हा ते स्वतः बरोबर जात, एक क्षण नजरेआड करत नसत. अशाने ते सेटवर रुळले, दिग्दर्शकांना ओळखू लागले. पाच वर्षांत त्यांनी स्वतःची भिकाजी फोटोप्ले कंपनी काढली. सात सिनेमे केले. पुढे मोठ्या कंपन्यांनी थिएटरं ताब्यात घेतली आणि छोट्यांची कोंडी झाली. आजोबा मायदेशी परतले. ज्या धाकट्या भावाने त्यांच्यामागे घरात दगा केला, त्याच्याशीही त्यांनी अबोला धरला नाही. रोज संध्याकाळी ते त्याच्या पायरीवर जाऊन बसत. एवढं मोठं मन."

वाचता वाचता त्यांची नजर दाराकडे गेली. स्टुलावर सुदेश बसला होता आणि मोज्याचं भोक बघत होता. "म्हणजे ते आपलं जुनं झालं," राजाभाऊ पुटपुटले.

"बाबा, ती ओळ राहू दे, छान आहे," धनंजय म्हणाला. "इमोशनल टच येतो."

"यल्ला, लावा आता," प्रज्ञा म्हणाली. राजाभाऊंची ही मुलगी शारजाहून दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकून आली होती आणि तिचं डोकं दुखत होतं. पडदे ओढले गेले. पंधरा वर्षांची ईश्वरी, सिद्धांतची बहीण, जमिनीवर आजोबांच्या पायाशी बसली.

पांढऱ्या कापडावर इंग्रजी अक्षरं थरथरली. भिकाजी फोटोप्ले कंपनी सादर करीत आहे, 'द रानी ऑफ वेंगुर्ला'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजाभाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

वेंगुर्ल्यात उंट होते. राजवाडा होता आणि त्याचे खांब वाऱ्याने हलत होते. एक गोरी बाई राणी झाली होती, तिने डोळ्यांभोवती इतकं काजळ घातलं होतं की ईश्वरी म्हणाली, "शी लुक्स लाइक अ पांडा," आणि धनंजयसुद्धा हसला. राणीच्या नवऱ्याला शत्रूने पकडून नेलं. राणी रडली. मग राणी दरबारात जायला निघाली, आणि तिला सजवायला एक नोकर आत आला.

नोकर कॅमेऱ्याकडे वळला. देवघरावरच्या फोटोतला चेहरा, फक्त चाळीस वर्षांनी तरुण.

"आजोबा," राजाभाऊ म्हणाले.

पडद्यावर भिकाजींनी तबकातून एकेक दागिना उचलला. गळ्यात तुशी. मग चंद्रहार. मनगटात पाटल्या, गोठ. शेवटी त्यांनी वाकी घेतली. अंगठ्याने मोराची मान दाबली, फिरकी अर्धा आटा उलटी घेतली, मग सुलटी, आणि वाकी उघडली. कॅमेरा जवळ आला. राणीच्या गोऱ्या दंडात मोर बसला. तो डावीकडे बघत होता.

छायाचा हात आपोआप स्वतःच्या दंडाकडे गेला होता. सकाळी पाच वाजता तिने नेमकं तेच केलं होतं, मान दाबून अर्धा आटा उलटा. तसं केल्याशिवाय ती वाकी उघडतच नाही. हे तिला सासूबाईंनी दाखवलं होतं, सासूबाईंना त्यांच्या सासूने, आणि त्यांना कृष्णाबाईंनी.

सिनेमा पुढे चालला होता. राणीने तलवार घेतली. कुणी बघत नव्हतं.

"मागे घे," राजाभाऊ म्हणाले.

सिद्धांतने मागे घेतलं. भिकाजींनी पुन्हा वाकी उचलली, पुन्हा मान दाबली. राजाभाऊंनी तिसऱ्यांदा मागे घ्यायला लावलं आणि मोर समोर आला तेव्हा म्हणाले, "थांबव."

"मॉम," ईश्वरी म्हणाली, "दॅट्स द अदर वन."

*

आधी भानावर आला तो धनंजय. सांभाळून घेणं हा त्याचा नोकरीतला आणि घरातलाही धंदा होता. "एक मिनिट. पॅनिक होऊ नका. हे प्रॉप आहे. हॉलिवूडमध्ये सगळं नकली असतं. आजोबांना... म्हणजे पणजोबांना घरची आठवण आली असेल, त्यांनी तशी बनवून घेतली असेल."

"पाटल्या, गोठ, तुशी, चंद्रहार, सगळंच बनवून घेतलं?" छायाने विचारलं.

"का नाही? पितळेचं. पॉलिश मारलं की झालं."

"प्रॉपला फिरकी करत नाहीत, दादा."

आवाज दाराकडून आला. सुदेश तिथे आहे हेच सगळे विसरले होते. तो स्टुलावरून उठला नव्हता आणि आवाजही चढवला नव्हता. सामान लावताना एखादं माप चुकल्याचं सांगावं तसं तो सांगत होता. "आम्ही रोज करतो ना प्रॉप. कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच घडवतो. मागून हूक लावतो नाहीतर सरळ तार पिरगळतो. फिरकीचा आटा पाडायला कारागीर लागतो, वेळ लागतो, आणि ती दिसत कुणालाच नाही. खोट्या वस्तूला उलटा आटा कोण पाडेल?"



प्रज्ञा मटकन सोफ्यावर बसली. "पेटीतल्या अस्सल हिंदुस्थानी वस्तू," ती म्हणाली. "दादा, तुझ्याच भाषणात आहे. आपण लहानपणापासून म्हणतोय, पेटीतल्या अस्सल वस्तू. त्या पेटीत काय होतं हे आपल्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही? खलाशी म्हणून गेलेल्या माणसाकडे कसली पेटी?" बोलता बोलता तिला रडू आलं आणि त्याचा तिला रागही आला. वहिनीशी तिचं कधी पटलं नव्हतं, पण आत्ता ती उठून छायाशेजारी जाऊन बसली. "आजी सांगायची, कृष्णाबाई मरेपर्यंत विश्रामच्या घरचं पाणी प्यायली नाही. आणि चोर तिच्या पलंगावर झोपत होता."

"प्रज्ञा," धनंजय म्हणाला, "शब्द जपून."

"कुणासाठी जपू?"

"उद्या तीनशे लोक येतायत. मंडळाचे अध्यक्ष येतायत, रेडिओवाले येतायत. बाबांचा सत्कार आहे. हे आपलं घरातलं मॅटर आहे, घरात सॉर्ट आउट करू, आय प्रॉमिस. सुदेश, तुलाही सांगतो, करू आपण काहीतरी, इन्शाल्ला. पण उद्या नाही. सिद्धांत, किती वेळाचा शॉट आहे हा?"

सिद्धांतने फिल्म शेवटपर्यंत भराभर पुढे पळवली आणि परत त्या शॉटवर आणली. "चाळीस सेकंद."

"मग कापून टाक. अकरा मिनिटांत चाळीस सेकंद कुणाला कळणार आहेत?"

"नाही कापणार."

"बाप सांगतोय तरी?"

"डॅड, आख्ख्या फिल्ममध्ये ते एवढ्याच चाळीस सेकंदांत दिसतात. बाकी कुठेही नाहीत. हे कापलं तर तुमचे पणजोबाच कापले जातील. मग सत्कार कशाचा?"

धनंजय वडिलांकडे वळला. घरात शेवटचा शब्द अजून त्यांचाच होता. "बाबा, तुम्ही सांगा त्याला."

राजाभाऊ पडद्याकडे बघत होते. त्यांना आठवत होती ती संध्याकाळ, म्हणजे अशा कितीतरी संध्याकाळी, कारण सगळ्या सारख्याच होत्या. ते सात-आठ वर्षांचे असतील. खंडेनवमीला डब्याची आरती सुरू झाली की आजोबा उठून जायचे. सगळे म्हणत, मोठा माणूस, स्वतःची स्तुती आवडत नाही. आजोबा आंब्यापलीकडे विश्रामच्या पायरीवर बसायचे. विश्राम एक विडी पेटवायचा, अर्धी ओढायचा, उरलेली थोरल्या भावाला द्यायचा. बोलायचे नाहीत. छोटा राजा आंब्याआडून बघायचा आणि त्याला वाटायचं, केवढे हे उदार, चोराची उष्टी विडी ओढतात. ही गोष्ट त्याने आयुष्यभर अभिमानाने सांगितली. मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली, आणि उद्या तीनशे माणसांना सांगणार होता.

त्यांनी भाषणाचा कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि 'एवढं मोठं मन' या ओळीवर एक रेघ मारली. मग वरच्या ओळीवर मारली.

"उद्या पूर्ण दाखवायचा," ते म्हणाले. "आणि मी सांगणार, हे दागिने कुणाचे ते."

"बाबा, लोक काय म्हणतील? अध्यक्षांना मी काय..."

"अध्यक्ष उद्या. आधी मुरली. सुदेश, तुझ्या बाबांना फोन लाव."

*

सुदेशने फोन काढला खरा, पण तो लगेच लावला नाही.

त्याला राग येत होता आणि तो कुठून सुरू करावा हे त्याला कळत नव्हतं. चौथीत असताना वर्गात कंपासपेटी हरवली की मास्तर आधी त्याचं दप्तर उघडायचे. त्याची मुलगी संजना आता बारावीला होती, कॉलेजात तिला मुली वाकी म्हणून हाक मारायच्या आणि तिला वाटायचं ते लाडाचं नाव आहे. अर्थ तिला गेल्या मे महिन्यात कळला. त्यानंतर ती फोनवर बापाशी नीट बोलली नव्हती. तिने एकच विचारलं होतं, "पप्पा, आपण खरंच घेतली होती?" आणि सुदेशला, चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला, नाही म्हणता आलं नव्हतं. कारण त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या घरात या गोष्टीवर कुणी कधी बोलतच नसे. त्याने मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं की घेतली असेल. भुकेपायी घेतली असेल.

त्याने बोटिम ॲपवर व्हिडिओ कॉल लावला. मुरलीधर ओटीवर बसलेले दिसले, शहात्तर वर्षांचे, उघड्या अंगाने, मागे दोरीवर कपडे.

"काय रे झिला? आज शुक्रवार नाय मा?"

"बाबानू, राजाकाकांका बोलूचा हा."

राजाभाऊंनी फोन दोन्ही हातांत धरला. तीस वर्षं दुबईत राहून त्यांची जीभ पुस्तकी झाली होती, पण आता मालवणी आपोआप तोंडात आली. "मुरली, मी राजादादा बोलतंय."

"बोल दादा. वाढदिवस झालो मा? शंभरी गाठ."

"मुरली, दुसरो मोर गावलो."

मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आजोबांच्या पिक्चरात गावलो. त्यांच्याच हातात आसा. त्यांनीच नेले होते रे, सगळे. विश्रामआज्यान काय एक घेवक नाय." राजाभाऊंनी फोन तोंडाजवळ घेतला. "आमी तुमका शंभर वर्षां..."

"माका ठाऊक होता," मुरलीधर म्हणाले.

छायाने मान वर केली. सुदेश फोनच्या मागे उभा होता तो पुढे आला.

"आज्यान बापाशीक सांगल्यान, बापाशीन माका. जाताना भिकाजीदादान आज्याक उठवल्यान, म्हणालो, मी नेतंय, पैसे झाले काय परत आणतंय, तोवर कृष्णाक सांगू नको, तिचा मन मोडात. आज्यान शब्द दिल्यान. मगे देवार हात ठेवन 'माका ठाऊक नाय' म्हणतलो कसो? ठाऊक होता मा." मुरलीधरांनी हे एकेक वाक्य सावकाश सांगितलं, जुन्या जमिनीची हद्द सांगावी तसं. "भिकाजीदादा परत इलो, पण दागिने येवक नाय. पिक्चर पडले, सगळा थयच गेला. वैनीक सांगूचो धीर त्येका झालो नाय. आणि आज्यान शब्द मोडूक नाय."

"पण कृष्णाआजी जावन चौसष्ट वर्षां झाली, मुरली. मगे तरी सांगूचा."

"इचारल्यान कोणी?" मुरलीधर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "कोणी इचारूक नाय, दादा. कडी तेवढी घालीत रवले."

छायाच्या कमरेला किल्ली टोचत होती. आज दुपारी तिनेच घातलं होतं ते कुलूप, सवयीने, एका हाताने. तिने किल्ली काढली, सगळ्यांच्या देखत जाऊन बेडरूमचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. आत पलंगावर सकाळच्या पूजेच्या साड्यांचा ढीग पडला होता. चोरण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"बाबानू," सुदेश म्हणाला, "माका तरी सांगूचा होता." त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता. "संजनान इचारला तेव्हा मी गप रवलंय."

"तुका सांगलंय असतंय तर तू भांडलो असतंस. थय दुबईत तुका दादाचोच आधार." मुरलीधरांनी गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं. मग ते स्क्रीनकडे बघत राहिले, काही विचारावं की विचारू नये अशा चेहऱ्याने. "दादा, एक सांग माका. तो मोर दिसता तरी कसो?"

"म्हणजे?"

"आमी चोरलो म्हणतत. पण आमच्यात कोणी बघूक नाय कधी. आमी इलो काय तो आत."

धनंजय खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. छायाने दंडातल्या वाकीवर अंगठा ठेवला, मान दाबली, फिरकी अर्धा आटा उलटी घेतली आणि वाकी काढून सुदेशपुढे धरली. "घे. तू दाखव त्यांना."

सुदेशचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

"हातात नको वहिनी," तो म्हणाला. "तुम्हीच धरा."

मग छायाने वाकी फोनसमोर धरली. मुरलीधरांनी बनियनच्या टोकाने... बनियन अंगात नव्हतं, ते हसले, पंच्यानेच चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन त्यांनी मोर पाहिला, त्याची मान पाहिली, पिसाऱ्यावरचे बारीक ठिपके पाहिले.

"एवढोच?" ते म्हणाले.